गोळ्या थांबवून नुसता व्यायाम आणि आहार पुरेल का?

प्रश्न : मी सोलापूरला माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. वय 44. नैराश्यासाठी चार महिन्यांपासून मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या सुरू आहेत. रडणे थांबले, झोप लागते, शाळेत जाते. पण आतला जडपणा गेलेला नाही आणि वजन पाच किलोंनी वाढले आहे. घरी सगळ्यांचे एकच म्हणणे, की गोळ्यांची सवय लागेल, त्यापेक्षा पहाटे उठून व्यायाम कर आणि नीट खा. धाकटे दीर अश्वगंधाचे चूर्ण आणून देतात आणि ‘आनंदी हार्मोन वाढवणाऱ्या पदार्थांच्या’ याद्या फोनवर पाठवतात. जिमचे सहा महिन्यांचे पैसे भरले आणि चार दिवस गेले. पहाटे पाचचा गजर लावते, एक बूट घालते आणि दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेला बसून राहते. भानावर येते तेव्हा पावणेसहा झालेले असतात. मग दिवसभर स्वतःचीच चीड येते. आम्ही शाकाहारी आहोत. दुपारचा डबा बहुतेकदा तसाच परत येतो आणि संध्याकाळी चहाबरोबर खारी-फरसाण खाल्ले जाते. गुरुवार, एकादशी आणि संकष्टी मी कधी मोडलेली नाही. कधीकधी रात्री वाटते, की सकाळ झालीच नाही तर बरे. पण मी तसे काही करणार नाही. गोळ्या बंद करून व्यायाम आणि आहारावर भर द्यावा का? द्यायचा तर सुरुवात कशी करावी? आणि तुमचे उत्तर यजमानांना दाखवले तर चालेल का?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

रात्री मनात येणाऱ्या त्या विचारापासून सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे त्यानंतर येते. ‘सकाळ झालीच नाही तर बरे’ हे वाक्य तुम्ही डॉक्टरांना याच शब्दांत सांगा, आणि त्यासाठी पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच वेळ मागून घ्या. स्वतःला काही करून घेण्याचा बेत मनात असणे आणि उठूच नये असे वाटणे यांत अंतर आहे, हे खरे. परंतु हा दुसरा विचारदेखील आजार अजून पुरता आटोक्यात आलेला नसल्याची खूण असतो, आणि औषधाची मात्रा वाढवायची, औषध बदलायचे की जोडीला समुपदेशन सुरू करायचे, हे ठरवताना डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. असा विचार बोलून दाखवल्याने तो बळावत नाही. एखाद्या रात्री त्याने जोर धरला, तर यजमानांना उठवताना जराही संकोच करू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तेथे मराठीत बोलता येते. धोका जवळ आल्यासारखे वाटले, तर फोनवरही न थांबता थेट रुग्णालय गाठावे.

आता गोळ्यांविषयी. त्या बंद करू नका. तुमचे रडणे थांबले, झोप परत आली, तुम्ही वर्गात उभ्या राहू लागलात, याचा अर्थ उपचार निम्म्या वाटेपर्यंत तरी पोहोचले आहेत. आणि निम्म्या वाटेवर औषध सोडले, तर आजार उलटण्याची शक्यता मोठी असते. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही साधारण किमान सहा महिने औषध चालू ठेवण्याची पद्धत आहे, आणि आजार पूर्वी होऊन गेलेला असेल तर त्याहूनही अधिक काळ. ‘सवय लागेल’ ही भीती घरोघरी असते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांची सवय खरोखरच लागू शकते. तुमच्या चिठ्ठीत तसली एखादी गोळी असेल, तर ती किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नैराश्यावरील मुख्य औषधांची तशी ओढ लागत नाही. मात्र ती एकाएकी थांबवली, तर चक्कर येणे, चिडचिड होणे, झोप उडणे, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके जाणवणे असे त्रास होऊ शकतात, आणि त्यालाच घरातली माणसे ‘बघ, सवय लागली’ असे म्हणतात. हे त्रास टाळण्यासाठी मात्रा हळूहळू कमी करायची असते, तीही डॉक्टर सांगतील तेव्हा.

याचा अर्थ घरच्यांचे म्हणणे सगळेच चुकीचे आहे, असा नाही. व्यायामाचा नैराश्यावर उपयोग होतो, आणि हा नुसता सुविचार नसून तो मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या पुढचे, नैराश्याचे निदान झालेले 156 स्त्री-पुरुष घेतले. त्यांतील एका गटाला औषध दिले, एकाला आठवड्यातून तीन वेळा व्यायाम दिला आणि एकाला दोन्ही दिले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 16 आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले दिसले. औषधाच्या गटाला सुरुवातीला लवकर आराम पडला होता, इतकाच फरक. पुढे 2024 साली अशा 218 चाचण्या आणि त्यांतील 14 हजारांहून अधिक माणसे एकत्र विचारात घेऊन जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात चालणे किंवा धावणे, योगासने आणि वजने उचलण्यासारखे ताकदीचे व्यायाम हे प्रकार विशेष उपयोगी ठरले. अर्थात त्यांतील पुष्कळ चाचण्या लहान आणि उणिवा असलेल्या आहेत, हेही संशोधकांनी सांगितले आहे.

पण ड्यूकच्या त्या अभ्यासाबद्दल एक गोष्ट तुमच्या दिरांच्या फोनवर सहसा येत नाही. त्यात सहभागी झालेली माणसे व्यायामाला आपणहून तयार झालेली होती, आणि त्यांचा व्यायाम गटात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी होत असे. कोणी तरी त्यांची वाट पाहत होते. तुम्ही मात्र पहाटे पाच वाजता, अंधारात, सारे घर झोपलेले असताना, एकट्या, हातात बूट घेऊन बसलेल्या असता. या दोन परिस्थितींची तुलनाच होऊ शकत नाही, आणि तिथे जे त्यांना जमले ते मला का जमत नाही, असा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारत असाल, तर तो विचारणे थांबवा.

त्या बुटाविषयी मला खरोखर कळकळीने सांगायचे आहे. ज्याला आळस म्हणतात, त्यात माणसाला बसून राहण्याचे सुख असते. तो पांघरूण ओढून घेतो आणि पुन्हा झोपतो. तुम्ही उठता, गजर बंद करता, एक बूट चढवता, आणि दुसऱ्यापाशी पाऊण तास अडकून बसता, त्या पाऊण तासात तुम्हाला सुख कसले, छळच होत असतो. पुढची कृती सुरू करण्याची शक्तीच मंदावणे हे नैराश्याचे एक लक्षण आहे. जो आजार उठण्याची उमेद हिरावून घेतो, त्या आजारावर उठण्याचा उपाय सांगितला जातो, ही यातली खरी अडचण आहे, आणि ती मान्य न करता दिलेला व्यायामाचा प्रत्येक सल्ला रोग्याच्या कानाला ठपक्यासारखा लागतो. म्हणून व्यायामाचे माप तुमच्या चांगल्या दिवसावरून ठरवायचे नाही. ते सर्वांत वाईट दिवसावरून ठरवायचे. चांगल्या दिवशी तुम्ही जिमचे पैसे भरलेत, आणि वाईट दिवसांनी ते बुडवले.

दुसरी चूक वेळेची झाली आहे, आणि त्यात तुमचा काही दोष नाही, कारण व्यायाम म्हणजे पहाटेचा, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. नैराश्यात पुष्कळांना सकाळचे पहिले दोन-तीन तास सर्वांत जड जातात आणि दिवस कलेल तसे थोडे हलके वाटू लागते. तुमच्या पत्रावरून तुमचेही तसेच असावे, असे मला वाटते. दिवसातील सर्वांत अवघड घटकेला सर्वांत अवघड काम ठेवले, तर ते पार पडणार कसे? पहाटेचा गजर आजच काढून टाका. उठल्यावर फक्त एक करा, की चहाचा कप घेऊन दहा-पंधरा मिनिटे गच्चीत किंवा अंगणात उजेडात बसा. सकाळच्या उजेडाने झोपेचे घड्याळ जागेवर राहायला मदत होते, आणि त्यासाठी बूट लागत नाहीत.

चालायचे ते संध्याकाळी, आणि घरात शिरण्याआधी. हा तपशील मी मुद्दाम सांगते आहे. शाळेतून परतताना तुमच्या पायात चपला असतातच, अंगावर बाहेरचे कपडे असतात. एकदा का पर्स खुंटीला अडकली, चपला निघाल्या आणि चहाचे आधण ठेवले गेले, की पुन्हा बाहेर पडण्यासाठी तोच बुटाचा डोंगर समोर उभा राहतो. म्हणून फाटकाशी आल्यावर आत वळू नका, तसेच पुढे गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जा आणि परत या. रिक्षाने किंवा बसने येत असाल, तर घराच्या एक थांबा आधी उतरा. पहिले दोन आठवडे दहा मिनिटांपेक्षा जास्त चालायचे नाही, हे मी सल्ला म्हणून नव्हे, तर अट म्हणून सांगते; कारण तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून पाऊण तास चालणारी माणसे चौथ्या दिवशी पाय दुखतात म्हणून थांबतात, आणि पाचव्या दिवशी त्यांच्या मनात पुन्हा तोच जुना निकाल तयार असतो, की माझ्याने काही होत नाही. अगदीच वाईट दिवस असेल, तर फाटकापासून विजेच्या पहिल्या खांबापर्यंत जाऊन या. तेही चालणेच आहे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्याचीही खूण करायची. खूण करताना जाण्याआधी मन कसे होते आणि आल्यावर कसे आहे, याचे दहापैकी गुण, असे दोन आकडे शेजारी लिहा. तुम्ही शिक्षिका आहात, गुण देणे तुम्हाला जड जाणार नाही. बऱ्याच दिवशी दुसरा आकडा पहिल्याहून एखाद्या गुणानेच मोठा असेल. पण महिन्याभराने ते पान एकत्र पाहिले, की ‘काही उपयोग होत नाही’ हे मनाचे म्हणणे खरे आहे की नाही, हे तुम्हाला कागदावर दिसेल.

दोन आठवड्यांनंतर दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्या. वेग असा असावा, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम सुचवले आहेत. तो आकडा पाहून दचकू नका. पुष्कळ देशांतील लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासांचा 2022 साली एक एकत्रित आढावा निघाला; त्यात आठवड्याला अडीच तास झपाझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत, मुळीच न करणाऱ्यांच्या तुलनेत, नैराश्य येण्याचा धोका 25 टक्क्यांनी कमी आढळला आणि त्याच्या निम्मीच हालचाल करणाऱ्यांतही तो 18 टक्क्यांनी कमी होता. हा अभ्यास आजार होण्याविषयीचा आहे, झालेला आजार बरा होण्याविषयीचा नाही, हे खरे. पण शून्यापासून थोड्यापर्यंतचे अंतर हेच सर्वांत मोलाचे असते, इतके त्यातून नक्की दिसते. ताकदीसाठी जिमची गरज नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकवून दंडांवर भार घेणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, हे आठवड्यातून दोनदा घरात होऊ शकते. योगासने किंवा सूर्यनमस्कार तुम्हाला पूर्वी आवडत असतील, तर तेही उत्तम. फक्त संख्येच्या मागे लागू नका.

सोलापूरचे ऊन माहीत असल्यामुळे एक सूचना जोडते. मार्च ते मे या काळात संध्याकाळी साडेपाचलाही रस्ता तापलेला असतो, आणि नैराश्यावरील काही औषधांनी घाम अधिक येतो किंवा एकदम उठल्यावर चक्कर येते. त्या दिवसांत चालणे सातनंतर ठेवा किंवा शाळा सुटल्यावर शाळेच्याच लांब व्हरांड्यात फेऱ्या मारा आणि आधी पाणी प्या. छातीत दुखणे, धाप लागणे, रक्तदाब असे काही असेल, तर डॉक्टरांना विचारूनच वेग वाढवावा.

वजनाची काळजी तुम्ही करता ते समजते, परंतु हे चालणे वजनासाठी आहे असे कृपा करून समजू नका, आणि रोज काट्यावर उभ्या राहू नका. काही औषधांनी भूक वाढते, काहींनी फारशी वाढत नाही. पाच किलोंची वाढ डॉक्टरांच्या कानावर घाला, त्यावर पर्याय असतात. वजन उतरत नाही म्हणून मनासाठी सुरू केलेले चालणे सोडून दिलेल्या कितीतरी स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि दर वेळी मला त्याची हळहळ वाटली आहे.

आता खाण्याकडे वळू. दिरांनी पाठवलेल्या यादीत केळे असणार, कारण केळ्यात सेरोटोनिन, म्हणजे ते ‘आनंदी हार्मोन’, असते. ते असते, हे खरे आहे. पण खाल्लेले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे केळे हे उत्तम फळ असले तरी ते नैराश्याचे औषध नव्हे. एखाद्या पदार्थाने मन आनंदी होत नाही. सगळ्या आहाराची घडी बदलल्याने मात्र फरक पडू शकतो, असे दिसते. ऑस्ट्रेलियात फेलिस जाका यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि 2017 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा मानतात. नैराश्य असलेल्या आणि आहार निकृष्ट असलेल्या 67 जणांपैकी निम्म्यांना आहारतज्ज्ञाने 12 आठवडे मार्गदर्शन केले, उरलेल्यांना तितक्याच भेटींमध्ये नुसत्या गप्पांची सोबत दिली. आहाराच्या गटातील सुमारे 32 टक्के माणसे नैराश्याच्या बाहेर आली, सोबतीच्या गटातील 8 टक्के. अभ्यास लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागी लोकांना ठाऊक होते, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. शिवाय त्यातील बहुतेकांचे औषध किंवा समुपदेशन आधीपासून सुरू होते आणि आहार त्याच्या जोडीला आला होता. तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच एका गोष्टीत बरेचसे आलेले आहे.

त्या आहारात काय होते? अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे, सुकामेवा, थोडे दूध-दही, मासे, ऑलिव्ह तेल. आणि गोड, तळलेले, पाकिटातले पदार्थ कमी. मासे आणि ऑलिव्ह तेल यांचा भाग सोडला, तर हे वर्णन ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, मेथी किंवा चाकवताची पातळ भाजी, दही आणि शेंगाचटणी यांच्या ताटाला चांगले लागू पडते. ते ताट तुमच्या घरात आहेच. अडचण ताटाची नाही, ते ताट तुमच्या पोटापर्यंत पोहोचत नाही, ही आहे.

डबा परत का येतो, याचा विचार आपण करू. नैराश्यात दुपारी तोंडाला चव नसते, घास कोरडा वाटतो, चावण्याचाही कंटाळा येतो, आणि मोठ्या सुट्टीत पोळी-भाजीचा गार डबा उघडला, की झाकण पुन्हा लावावेसे वाटते. म्हणून काही दिवस डबाच बदला. चमच्याने खाता येईल असे मऊ आणि ओलसर पदार्थ द्या : शेंगदाण्याचे कूट घातलेला दहीभात, मुगाची खिचडी, मटकीची उसळ घालून कालवलेला भात. प्रमाण थोडे ठेवा. छोट्या सुट्टीत मूठभर फुटाणे आणि शेंगदाणे, मोठ्या सुट्टीत डबा, अशी विभागणी केली की एकाच वेळी सगळे संपवण्याचे दडपण राहत नाही. शक्य असेल, तर शिक्षकांच्या खोलीत एखाद्या मैत्रिणीशेजारी बसून खा. दुपारचे पोटात गेले, की संध्याकाळच्या खारी-फरसाणाची ओढ आपोआप निम्मी होते. ती ओढ मनाचा कमकुवतपणा नसून सकाळपासून रिकाम्या राहिलेल्या पोटाची मागणी असते. आणि चहा जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर घ्या, कारण चहामुळे अन्नातील लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू पिळल्याने ते अधिक लागते.

वाईट दिवसासाठी तर तुमच्या सोलापूरने सोय करूनच ठेवलेली आहे. कडक भाकरी डब्यात आठवडेच्या आठवडे टिकते. एक कडक भाकरी चुरून त्यावर दही, शेंगाचटणी आणि असलाच तर कांदा, हे जेवण गॅस न पेटवता दोन मिनिटांत होते आणि ते पौष्टिक आहे. ज्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभे राहवत नाही, त्या संध्याकाळी हे खाण्यात काही कमीपणा मानू नका. त्या दिवसासाठी तोच योग्य स्वयंपाक आहे.

शाकाहारात प्रथिने कमी पडतात, म्हणून एक ढोबळ हिशेब देते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 60 किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे 50 ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, पेलाभर दूध, मूठभर शेंगदाणे यांतील प्रत्येकातून साधारण सहा-सात ग्रॅम मिळतात. डबा परत आला आणि रात्री भात-आमटीवर निभावले, तर ते 50 कसे भरणार? जवसाची चटणी रोज चमचाभर घ्या. माशांतील ओमेगा-3 या उपयुक्त स्निग्धांशाची पूर्ण बरोबरी ती करत नाही, पण शाकाहारात तीच हाताशी आहे.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा काही रक्ततपासण्या झाल्या आहेत का, ते विचारा : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, ड जीवनसत्त्व, साखर. थायरॉइड मंदावला किंवा रक्त कमी झाले, तरी थकवा, मंदपणा आणि उदासी येते आणि ती नैराश्यात मिसळून जाते. 2019 ते 21 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि चाळिशीनंतर पाळी अनियमित होऊन रक्तस्राव वाढला तर तो आणखी वाढतो. बी-12 चे तर शाकाहारी माणसांनी आवर्जून पाहावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून आपल्याकडे ही कमतरता किती पसरलेली आहे, हे पुढे आले. ते जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दह्यातून थोडेच मिळते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत आणखी घटते. कमतरता निघाली, तर गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊन ती भरून काढावी. मात्र कमतरता नसताना जीवनसत्त्वांच्या गोळ्या खाल्ल्याने मन सुधारेल, अशी आशा धरू नका. अमेरिकेत 18 हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षे ड जीवनसत्त्व देऊन पाहिले, तरी नैराश्य टाळण्यात त्याचा उपयोग झाला नाही, असे 2020 साली दिसून आले.

उपवासांचा हिशेब तुम्ही कदाचित कधी मांडला नसेल. गुरुवार, दोन एकादश्या आणि संकष्टी मिळून महिन्यात सात-आठ दिवस होतात, म्हणजे जवळजवळ दर चौथा दिवस. श्रद्धेला हात लावण्याचा माझा अधिकार नाही आणि इच्छाही नाही. उपवास हा तुम्हाला आधारही देत असेल. पण त्या दिवशी दुपारपर्यंत दोन चहा आणि मग साबुदाण्याची खिचडी, असे असेल, तर ते बदलता येईल. राजगिऱ्याची भाकरी किंवा लाही दुधातून, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, ताक, फळे, यांनी उपवासही होतो आणि पोटही राहते. बरे वाटेपर्यंत फक्त एकादशी पाळून बाकीचे दिवस एकभुक्त न राहता नेहमीसारखे जेवणार असाल, तर त्यालाही घरातील थोरांनी हरकत घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. आजारपणात उपवासाला सूट देण्याची रीत आपल्या घरांमधून जुनीच आहे. प्रश्न इतकाच, की नैराश्याला आपण आजारपण म्हणतो की नाही. गोळी अन्नाबरोबर घ्यायला सांगितली असेल, तर ती उपवासाच्या दिवशीही अन्नाबरोबरच घ्या.

चूर्ण तूर्त थांबवा आणि डबी डॉक्टरांना दाखवा. दिरांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु अश्वगंधाने थायरॉइडच्या पातळीत फरक पडू शकतो, क्वचित यकृतालाही त्रास झालेला आहे, आणि ती झोपेच्या औषधांची गुंगी वाढवू शकते. तुम्ही काय काय घेता, हे एका माणसाला पूर्ण ठाऊक असले पाहिजे, आणि तो माणूस तुमचे डॉक्टर असावेत.

हे उत्तर यजमानांना जरूर दाखवा. पुढचे त्यांच्यासाठीच लिहिते.

तुम्ही पत्नीला आजवर ‘फिरून ये’ असे म्हणत आला असाल. त्याऐवजी ‘चल’ म्हणून पाहा. पहिल्या वाक्यात ती एकटी दारापर्यंत जाते आणि तिचा दुसरा बूट हातातच राहतो. दुसऱ्यात तुमच्याही पायात चपला असतात. चालताना औषधाविषयी, वजनाविषयी, मुलांच्या गुणांविषयी बोलू नका, ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प राहा, आणि कोपऱ्यावरून तिला परत फिरावेसे वाटले, तर ‘अजून थोडे’ असा आग्रह करू नका. ज्या दिवशी ती नाही म्हणेल त्या दिवशी चेहरा पाडू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा विचारा. आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला तिच्यासोबत आत जा, दिनदर्शिकेचे ते पान आणि चूर्णाची डबी बरोबर घेऊन.